वरचा एक रुपया

गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची मुले जिना चढू लागली, की त्यांच्या चपलांचा आवाज मला ओळखू येत असे आणि मी आतल्या खोलीत सरकून आईला खुणेने सांगत असे, की मी घरी नाही. आई खोटे बोलत नाही. ती 'थांबा हं' एवढेच म्हणून देवघराशेजारच्या डब्यातून ५१ रुपये काढून देई आणि मुले पावती फाडून वरच्या मजल्यावर जात. हा माझा कंजूषपणा नव्हता. कोणी समोर उभे राहून पैसे मागू लागले, की मागणाऱ्यापेक्षा मीच अवघडून जाते आणि त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा विचार मला नकोसा होतो. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मीच मागणारी झाले, आणि तेही एका बोक्यासाठी.

बोक्याचे नाव संत्र्या. नागपुरात हे नाव कोणाला समजावून सांगावे लागत नाही. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मानेवाड्याच्या आमच्या इमारतीखाली, एका बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवर तो ओला होऊन बसलेला सापडला, तेव्हा तो तळहातात मावत होता. नारिंगी रंगाचा गुणधर्म एक्स गुणसूत्रावरून येत असल्यामुळे अशा मांजरांत पाचांपैकी चार तरी बोकेच निघतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. बोका असणे ही दुखण्याच्या दृष्टीने किती महत्त्वाची गोष्ट आहे, तेही ठाऊक नव्हते. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो; बोक्याचा लांब आणि टोकाकडे निमुळता होत जाणारा असतो. वाळूच्या कणासारखे स्फटिक किंवा चिकट स्रावाचा बोळा त्या निमुळत्या जागी अडकला, की सारे तुंबते.

नवतपा लागला होता. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे ते नऊ दिवस नागपूरकर कसे काढतो, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. आमचा कूलर वाळ्याच्या ओल्या वासाने घर भरून टाकत होता आणि संत्र्या त्याच्यासमोर न बसता मोरीतल्या फरशीवर पोट टेकून पडला होता. गरमीमुळे असेल, असे मी म्हटले. रात्री तो गॅलरीतल्या मातीच्या घमेल्यात जाऊन बसला, उठला, माती उकरली, पुन्हा बसला. असे पाच-सहा वेळा झाले. मी समजले, पोट साफ होत नसावे. त्याला दही चाटवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशीही हेच चालले होते, फक्त आता घमेल्यात बसताना त्याच्या तोंडून एक जाडसर, ओढलेला आवाज निघत होता. तरीही मी हातातले काम संपवत राहिले. मी मुद्रितशोधनाची कामे करते, आणि शाळा उघडण्याआधी अभ्यासपुस्तिका छापून झाल्या पाहिजेत म्हणून मे महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. हे सबब म्हणून लिहीत नाही. जवळजवळ एक पूर्ण दिवस मी घालवला, आणि या दुखण्यात दिवसभर थांबणे ही लहान चूक नव्हे.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी मधल्या वेळात पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देण्याचा सल्ला दिला होता. तो मी पाळला नाही, पण शहाणपणाने नव्हे, घरातली गोळी संपली होती म्हणून. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच अपुरी असते आणि माणसाची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. विषय थोडा बाजूला जातो, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी मांजर असेल, तर एवढी ओळ लक्षात ठेवावी.

रात्री साडेदहाला मी त्याला भाजीच्या झाकणवाल्या टोपलीत घालून, मंडळाच्या एका पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून, एका खासगी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि बोटे तिथेच थांबवली. लिंबाएवढे असावे ते मूत्राशय मोसंबीएवढे होऊन दगडासारखे लागत होते. "संडासाचा त्रास नाही हा, ताई. लघवी तुंबली आहे. कधीपासून?" मी "सकाळपासून" म्हणाले. खरे तर आदल्या रात्रीपासून, पण ते म्हणायची लाज वाटली. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले, मग मी खरे सांगितले.

पुढचा पाऊण तास मी एका लोखंडी स्टुलावर बसून पाहत होते. लघवी बाहेर पडत नाही, तेव्हा रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि ते थेट हृदयाला मंद करते. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला १८०-२०० सहज असतात. संत्र्याचे ११० होते. त्याला आधी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून हळूहळू दिले. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला तेवढ्या वेळापुरते कवच मिळते. मग सलाइन, मग ग्लुकोजबरोबर किंचित इन्सुलिन, आणि ठोके वर आल्यावरच भूल. दाभणाहूनही बारीक नळी आत सरकवताना डॉक्टर श्वास रोखत होते. दोनदा ती अडली. तिसऱ्या वेळी त्यांनी सिरिंजने सलाइनचा हलका झोत सोडला, काहीतरी मागे ढकलले गेले, आणि नळीच्या टोकातून चहाच्या रंगाचे, रक्ताची झाक असलेले पाणी सलाइनच्या रिकाम्या बाटलीत पडू लागले. थेंबांचा तो आवाज ऐकून मोटारसायकलवाला पोरगा म्हणाला, "जमलं वाट्टे, काकू."

मग बिलाची गोष्ट निघाली. नळी तीन दिवस आत ठेवावी लागणार होती, कारण तुंबलेले मूत्रपिंड मोकळे झाले की उलट खूप पाणी बाहेर टाकू लागते आणि तेवढेच सलाइनने भरून काढावे लागते. रक्ताच्या तपासण्या रोज, सोनोग्राफी एकदा. सगळे मिळून २७,००० ते २८,०००. माझ्या खात्यात १६,२०० होते. त्यातून ४,२०० महिनाअखेरीसाठी ठेवून १२,००० देता येण्यासारखे होते. एक मुदत ठेव होती, ४०,००० ची, पण ती आईच्या मोतीबिंदूसाठी. रात्री दीड वाजता घरी आल्यावर आई जागीच होती. आकडा ऐकून म्हणाली, "मोड ते. माझा डोळा काई पळून नाही चालला." मी मोडली नाही. आईच्या डोळ्याचे पैसे बोक्याला घालायचे की नाही, हा निवाडा मला स्वतःच्या हातून व्हायला नको होता.

आमचे वडील एका सहकारी पतसंस्थेत कारकून होते आणि त्यांनी आयुष्यभर लोकांचे कर्ज-अर्ज भरून दिले, स्वतःसाठी एकही भरला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आमच्या घरी म्हण नव्हती, नियम होता. पाय पसरले नाहीत तर हात पसरावे लागत नाहीत, अशी तिची पुढची ओळ वडील स्वतःच जोडत असत. त्या रात्री मी पाय आखडूनच बसले होते, आणि तरीही हात पसरण्याची वेळ आली होती.

निरोप लिहायला बसले, तेव्हा माझ्यातली मुद्रितशोधक जागी झाली. पहिल्या खर्ड्यात 'निष्पाप मुका जीव', 'मृत्यूशी झुंज', 'माझ्या लेकरासारखा' असे सगळे आले होते. ते वाचताना मला कळेना, की हे मी कोणाला लिहिते आहे. संत्र्या निष्पाप नाही; त्याने आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचे दोन लव्हबर्ड खाल्ले आहेत. मी विशेषणे काढत गेले आणि निरोप लहान होत गेला. शेवटी उरले ते असे: 'आमच्या बोक्याची लघवी तुंबली असून तो दवाखान्यात भरती आहे. अंदाजे खर्च २७,५०० रुपये. माझ्याकडचे १२,००० भरत आहे. १५,५०० कमी पडतात. सोबत आजचे बिल जोडले आहे. शक्य असल्यास थेट दवाखान्याच्या खात्यात भरावे आणि मला कळवावे.' शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ अडले होते. पण आजारी जनावराचा फोटो उचलून खाली दुसराच क्यूआर कोड चिकटवणारे लोक आहेत, हे मलाही माहीत होते आणि निरोप वाचणाऱ्यांनाही माहीत असणार होते. पैसे माझ्या हातात न येता थेट दवाखान्यात गेले, तर निदान माझ्याविषयी कोणाला शंका घ्यावी लागणार नव्हती.

निरोप तयार होता, पण पाठवत नव्हते. सकाळी मोटारसायकलवाला पोरगा चौकशीला आला. तो मंडळाचा खजिनदार आहे, हे मला तेव्हा कळले. आजवर मी त्याला फक्त दाराआडून ऐकले होते. त्याने माझा निरोप वाचला आणि जाणत्या माणसासारखी मान हलवली. "आकडा लिहिला हे बेस केलं, काकू. आकडा नसला न, तर माणूस 'बघू' म्हणते अन् विसरते. पण आता सगळ्यायले एकदम नका पाठवू. पहिली पावती मोठ्या माणसाची फाडा. मंग बाकीचे त्याच्याकडं पाहून देतात." मी विचारले, मोठा माणूस आणू कुठून? त्याने क्षणभर विचार करून खिशातून फोन काढला आणि स्वतःच्या नावाने ५०१ रुपये दवाखान्याला पाठवले. "हे धरा पहिली. मंडळाचा खजिनदार म्हणजे लहान माणूस हाय का?"

त्यानंतरच्या दीड दिवसात जे आले, त्याची मी एका शंभर पानी वहीत नोंद ठेवली. नाव, तारीख, रक्कम, आणि शेवटी एक रकाना: 'उसने / मदत'. हा रकाना मी फार विचार करून आखला होता, कारण उसने असेल तर परत करीन, मदत असेल तर आभार मानीन, असा माझा हिशेबी बेत होता. पण कोणी त्या रकान्यात बसेना. ज्या संपादकांशी माझे नाते ऱ्हस्व-दीर्घापुरते होते, त्यांनी ३,००० पाठवून लिहिले, 'पुढच्या कामात बघू.' हे उसने की मदत की आगाऊ मेहनताना? शाळेतल्या एका मैत्रिणीने, जिच्याशी अकरा वर्षे बोलणे नव्हते, १,००१ पाठवले आणि एक अक्षर लिहिले नाही. ज्या दोघांवर माझी सगळी भिस्त होती, त्यांच्याकडून हात जोडल्याची चित्रे आली. तो रकाना मी सोडून दिला.

एक उत्तर वेगळे होते. दूरच्या नात्यातल्या एका काकांनी लिहिले, 'आपल्या विदर्भात शेतकरी जीव देत आहेत, आणि तुम्ही मांजरासाठी वर्गणी काढता.' मी चार उत्तरे लिहिली आणि चारही पुसली. पहिले रागाचे होते, दुसरे तुमचा तरी हात त्यासाठी कधी सैल झाला का असे विचारणारे, तिसरे आणि चौथे त्याहून वाईट. काकांचे बोलणे खोटे नव्हते. माझ्या बोक्याला १५,५०० मिळाले नसते तर ते यवतमाळच्या कुठल्या घरी पोहोचले असते असे नाही, हे खरे. पण तशा एखाद्या घरासाठी मी रात्री दीड वाजता विशेषणे खोडत बसले नव्हते, हेही तितकेच खरे. काकांनी टोचले नसते, तर ही गोष्ट मला सुचलीही नसती. मी त्यांना काही कळवले नाही. वहीत मात्र त्यांचे नाव लिहून रकमेच्या जागी रेघ मारली.

तळमजल्यावरच्या आजींकडे स्मार्टफोन नाही. त्यांना खजिनदाराने सांगितले असावे. त्या जिना चढून आल्या, पलंगावर टेकल्या आणि पदराची गाठ सोडून शंभराची नोट बाहेर काढली. मग गाठीत उरलेल्या रुपयाच्या नाण्याकडे पाहत त्या काही वेळ तशाच बसल्या. "काय विचार करून राहिल्या, आजी?" आईने विचारले. आजी म्हणाल्या, "दवाखान्याले वरचा रुपया द्यावा का नाही, हेच समजून नाही राह्यलं. लग्नामुंजीले देतो आपण. मयतीले नाही देत. हे दोन्हीच्या मधातलं आलं." त्यांनी नाणे दोनदा आत टाकले, दोनदा काढले, आणि शेवटी नोटेवर ठेवून माझ्या हातात दिले. "तो परत येणार हाय न घरी? मंग देते."

त्यानंतर मी वही पुन्हा चाळली, तर कितीतरी रकमा १०१, २५१, ५०१ अशा होत्या. फोनवर आकडा दाबताना शून्यावर न थांबता शेवटी एक दाबण्याची तसदी इतक्या जणांनी घेतली होती, आणि दवाखान्याच्या बिलाला शकुन लागत नाही हे त्यांनाही कळत असणारच.

तीन दिवसांनी नळी काढली, चौथ्या दिवशी संत्र्या घरी आला, १५,५०० पूर्ण झाल्याचे मी सर्वांना कळवले. आकडा झाला की थांबायचे, हीही खजिनदाराचीच शिकवण. बिल २७,३५० झाले. पाचव्या दिवशी तो पुन्हा घमेल्यात बसला आणि तो जाडसर आवाज पुन्हा आला. या वेळी मी दही आणले नाही. वीस मिनिटांत दवाखान्यात होते. एकदा तुंबलेल्या बोक्याचे पुन्हा तुंबते, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. आता शस्त्रक्रियेला पर्याय उरला नव्हता. त्यात मूत्रमार्गाचा शेवटचा निमुळता तुकडा काढून टाकतात आणि आतल्या रुंद भागालाच नवे तोंड करतात. मूळ आजार त्याने जात नाही, जंतुसंसर्गाची भीतीही राहते, पण वाट सहसा पुन्हा बंद होत नाही. ज्या डॉक्टरांनी ती केली, ते सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी. १९५८ साली सुरू झालेले ते महाविद्यालय पुढे नागपुरातच स्थापन झालेल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात गेले. "आमच्या वेळी टेबलावर गाय, बैल, बकरी," ते हात धुताना म्हणाले. "मांजर कोणी आणलंच, तर आम्ही सगळे बघायला जमायचो."

दुसऱ्या बिलाचा अंदाज ३४,५०० होता. प्रकाशकाकडून आगाऊ घेऊन मी आणखी १२,००० उभे केले. उरलेले २२,५०० पुन्हा मागायचे होते, त्याच माणसांकडे. पहिल्या मागण्यात अपघाताची अब्रू असते. दुसऱ्या वेळी माणूस सवयीचा वाटू लागतो. हिशेब तपासणीचे काम करणाऱ्या एका मैत्रिणीने फोनवर आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली, की नातेवाईक नसलेल्यांकडून आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली तर वरचीच नव्हे, सगळीच करपात्र होते. तेव्हा वही नीट ठेव. त्या बोलण्याने मला विचित्र धीर आला. कायद्याने ज्याची मर्यादा ठरवली आहे, ते काम लोक करतच असले पाहिजेत.

तरी आजींच्या दारावरून जाताना मी पावले हळू टाकत होते. मुलांच्या चपलांचा आवाज मला जसा कळत असे, तसा त्यांना माझा कळला. त्यांनी आतूनच हाक मारली. पुन्हा दवाखाना, पुन्हा पैसे, असे मी पुटपुटले, आणि तुमच्याकडे मागायला आले नाही, हेही घाईने सांगितले.

"काऊन नाही आली?" आजी म्हणाल्या. "म्हणून तं वरचा रुपया देल्ला होता. व्यवहार संपला असता, तर शंभरच देल्ले असते न."

बावीस हजारांना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागला. शस्त्रक्रिया दोन तास चालली. गळ्यात प्लास्टिकचे भोपू घालून संत्र्या घरी आला आणि पंधरा दिवस दारांच्या चौकटींना आपटत फिरला. 'आता हा अर्धी मांजर झाला,' असे खजिनदाराने जाहीर केले. शरीररचनेच्या दृष्टीने त्याचे फारसे चुकले नव्हते. कोरडे खाणे बंद करून ओले सुरू केले. मांजरे मुळात वाळवंटी रानमांजराची वंशज असल्यामुळे त्यांना तहान कमी लागते, म्हणून घरात पाच ठिकाणी पाण्याची भांडी ठेवली. त्यांतल्या एकातही तो तोंड घालत नाही. माठाच्या बुडाशी पाझरून जमणारा थेंब चाटत तो तासन्तास बसतो, आणि आई आता मुद्दाम माठ पुसत नाही.

जूनमध्ये मृग लागला तसा मी हिशेब पुरा केला. दोन्ही बिले मिळून ६१,९५०. माझे २४,०००. सत्तावीस जणांचे ३८,२१३. शेवटचे तेरा हे तेरा जणांचे वरचे रुपये. शिल्लक २६३. ही रक्कम कोणाची, हे ठरवता येईना. परत करायची तर सत्तावीस वाटण्या, आणि त्या करायला बसले असते तर आजींनी मला जिन्यावरून खाली उतरवले असते. वहीचे पान फोटो काढून सर्वांना पाठवले आणि २६३ रुपये तसेच ठेवले.

जुलैच्या एका रात्री खजिनदाराचा निरोप आला. मंडळाच्या मांडवाखाली झोपणाऱ्या कुत्रीला मोटारीने उडवले होते, मागचा पाय मोडला होता. निरोपात आकडा होता, बिल होते, दवाखान्याचे खाते होते. विशेषण एकही नव्हते. मी वही काढली. उरलेल्या २६३ मध्ये माझे २३८ घातले आणि ५०१ पाठवले. दोन मिनिटांनी त्याने पहिली पावती फाडल्याचे कळवले.